वर्डप्रेस थीममध्ये मराठी मथळे तुटके दिसतात, मात्रा कापल्या जातात : मूळ थीमला हात न लावता दुरुस्ती कशी करावी?

ग्रंथपाल_कोकण

कोकणातील एका तालुक्याच्या गावातील सार्वजनिक वाचनालयाचे संकेतस्थळ मी सांभाळतो. नव्याने आलेली पुस्तके, व्याख्यानमालेच्या सूचना आणि बालविभागाचे उपक्रम एवढाच त्यावरील मजकूर असून तो जवळजवळ संपूर्ण मराठीत आहे. अलीकडे आम्ही एक विकतची थीम, म्हणजे संकेतस्थळाची तयार रचना, घेतली. इंग्रजी नमुना पाहून ती कार्यकारिणीला पसंत पडली होती, परंतु त्याच जागी मराठी मजकूर भरल्यावर पुढील अडचणी दिसू लागल्या.

मथळ्यांतील अक्षरांमध्ये फटी पडतात आणि शिरोरेखा सलग राहत नाही. मुखपृष्ठावरील चौकटींत दोन ओळींचा मथळा आला की वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार व अनुस्वार अर्धवट कापलेले दिसतात. माझ्या भ्रमणध्वनीवर अक्षरांचे वळण एक असते, तर वाचनालयातील संगणकावर अगदी निराळे असते. लेखांचा सारांश जिथे संपतो तिथे कधी कधी काळ्या चौकोनात प्रश्नचिन्ह उमटते. शिवाय ‘ल’ आणि ‘श’ ही अक्षरे हिंदी वळणाची दिसतात, अशी तक्रार आमच्या ज्येष्ठ सभासदांनी केली आहे, आणि ती खरी आहे.

‘अ‍ॅडिशनल सीएसएस’च्या (पानाची मांडणी ठरवणारे नियम लिहिण्याच्या) चौकटीत मी काही नियम लिहून पाहिले, पण दृश्यात काहीच बदल झाला नाही. मी प्रोग्रॅमर नाही. सूचना नीट वाचून त्याप्रमाणे करू शकतो. थीमचे पुढचे अपडेट आले तरी दुरुस्ती पुसली जाऊ नये, एवढीच अपेक्षा आहे.

निळी_शाई

आपण दिलेल्या तक्रारी पाच दिसत असल्या तरी त्यांपैकी बहुतेकांचे मूळ एकच आहे. ही थीम रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून रेखलेली आहे. कॅपिटल अक्षरांतील इंग्रजी मथळे थोडे सुटे ठेवले की देखणे दिसतात, म्हणून रचनाकार ‘लेटर-स्पेसिंग’ला एक-दोन पिक्सेलचे मूल्य देऊन ठेवतात. देवनागरीत मात्र प्रत्येक अक्षर आपल्या वाट्याची शिरोरेखा सोबत घेऊन येते आणि शेजारच्या अक्षराला टेकले तरच ती रेषा सलग दिसते. मध्ये एक पिक्सेल जरी घातला, तरी शब्दाचे तुकडे पडतात. उलट काही थीममध्ये हे मूल्य उणे असते. तिथे अक्षरे एकमेकांवर चढतात आणि काना कुठला व दंड कुठला हे कळेनासे होते. म्हणून मराठी मजकुरासाठी लेटर-स्पेसिंग ‘नॉर्मल’ असावे, आणि हा नियम केवळ मथळ्यांना लावून भागत नाही. मेनू, बटणे, लेखाखालची तारीख-वर्गवारीची ओळ आणि शोधपेटी यांनाही तो लावावा लागतो, कारण थीमकार नेमके तिथेच हे मूल्य पेरून ठेवतात.

मात्रा कापल्या जाण्याचे कारण ‘लाइन-हाइट’ हे आहे. इंग्रजी मोठ्या मथळ्यांना १.१ किंवा १.२ एवढी ओळीची उंची पुरते. ‘सूर्यप्रकाश’ किंवा ‘कर्तृत्व’ हे शब्द पाहा : अक्षराच्या वर रफार आहे आणि खाली उकार किंवा ऋकार आहे. मराठी मथळ्यांना १.४ ते १.५ आणि मजकुराला १.७ च्या आसपास उंची द्यावी, असे माझे मत आहे. तरीही चौकटीतला मथळा कापला जात असेल, तर त्या चौकटीला ठरावीक उंची देऊन ‘ओव्हरफ्लो’ ‘हिडन’ केलेला (बाहेर जाणारा भाग लपवलेला) असणार. तिथे ठरावीक उंची काढून किमान उंची द्यावी.

फॉन्टच्या प्रश्नाबाबत अंदाज बांधण्याऐवजी एक तपासणी करावी. वाचनालयाच्या संगणकावर क्रोममध्ये मथळ्यावर उजवी कळ दाबून ‘इन्स्पेक्ट’ निवडा, ‘कम्प्युटेड’ या टॅबवर जा आणि अगदी तळाशी ‘रेंडर्ड फॉन्ट्स’ या शीर्षकाखाली कोणते नाव आहे ते इथे लिहा. वर ‘फॉन्ट-फॅमिली’समोर जे नाव दिसते ते थीमने मागितलेल्या फॉन्टचे असते, तर तळाशी दिसते ते ब्राउझरने प्रत्यक्षात वापरलेल्या फॉन्टचे असते. या दोन नावांत तफावत असेल, तर दोन उपकरणांवर दोन वळणे का दिसतात ते लगेच उलगडेल.

सदाफुली

वरील तपासणी करण्यापूर्वी, लिहिलेले नियम लागू का होत नाहीत, हे पाहणे आवश्यक आहे. नाहीतर योग्य उपाय करूनही तो निरुपयोगी वाटेल. कॅशे, म्हणजे पानाची साठवलेली जुनी प्रत, तीन ठिकाणी असू शकते : आपल्या ब्राउझरमध्ये, वर्डप्रेसच्या कॅशे प्लगिनमध्ये आणि होस्टिंग कंपनीच्या सर्व्हरवर किंवा सीडीएनवर (पानाच्या प्रती ठिकठिकाणी ठेवणाऱ्या सर्व्हरजाळ्यावर). तिन्ही ठिकाणची साफ करा आणि मग खासगी खिडकीत पान उघडा.

त्यानंतरही फरक पडला नाही, तर ‘इन्स्पेक्ट’मधील ‘स्टाइल्स’ या भागात आपला नियम शोधा. तो तिथे दिसून त्यावर आडवी रेघ मारलेली असेल, तर थीमचा अधिक नेमका सिलेक्टर (नियम कोणत्या घटकाला लागतो ते सांगणारा भाग) त्याच्यावर मात करतो आहे. अशा वेळी सरसकट ‘इम्पॉर्टंट’ लावण्याऐवजी थीमने वापरलेला सिलेक्टर जसाच्या तसा उचलून त्यापुढे ‘बॉडी’ हा शब्द जोडावा. आणि नियम तिथे दिसतच नसेल, तर त्याच्या वरच्या एखाद्या नियमाचा महिरपी कंस बंद करायचा राहिला आहे का ते पाहा. एक कंस राहिला की त्यानंतरचे नियम ब्राउझर मुकाट्याने सोडून देतो, कुठलीही त्रुटी दाखवत नाही.

ग्रंथपाल_कोकण

दोघांचेही आभार. कॅशे साफ केल्यावर एक नियम लागू झाला. उरलेल्यांवर आडवी रेघ होती, ते सिलेक्टर बदलताच लागू झाले. मथळ्यांच्या शिरोरेखा आता सलग दिसतात.

फॉन्टची तपासणी केली. थीमने ‘पॉपिन्स’ मागितला आहे, पण तळाशी ‘निर्मला यूआय’ असे नाव दिसते. पॉपिन्समध्ये देवनागरी नाही का? तसेच, हिंदी वळणाच्या ‘ल’चा याच्याशी संबंध आहे का? संकेतस्थळाची भाषा आम्ही इंग्रजीच ठेवली आहे, कारण लेख चढवणाऱ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी मेनूची सवय आहे.

निळी_शाई

पॉपिन्समध्ये देवनागरी आहे. इंडियन टाइप फाउंड्रीने तो रोमन आणि देवनागरी अशा दोन्ही लिप्यांसाठी केला आहे. मात्र गूगल फॉन्ट्समधून फॉन्ट येतो तो लिपीनिहाय तुकड्यांत येतो. रोमनची फाइल वेगळी असते आणि देवनागरीची वेगळी, व पानावर ज्या लिपीची अक्षरे असतील तेवढीच फाइल ब्राउझर उतरवून घेतो. आपली थीम किंवा एखादे वेग वाढवणारे प्लगिन फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर साठवत असेल आणि त्याच्या सेटिंगमध्ये केवळ ‘लॅटिन’ हा संच निवडलेला असेल, तर देवनागरीची फाइल तिथे नसतेच. मग ब्राउझर उपकरणात जो देवनागरी फॉन्ट सापडेल तो वापरतो. विंडोजवर तो बहुधा निर्मला यूआय असतो, जुन्या विंडोजवर मंगल, अँड्रॉइडवर नोटो सान्स देवनागरी आणि अ‍ॅपलच्या उपकरणांवर कोहिनूर देवनागरी. प्लगिनच्या सेटिंगमध्ये जाऊन संचांच्या यादीत ‘देवनागरी’ निवडा आणि साठवलेले फॉन्ट पुन्हा उतरवायला सांगा.

आता ‘ल’ आणि ‘श’ यांच्याविषयी. संबंध आहे, आणि तो आपण सहज लिहून गेलेल्या शेवटच्या वाक्यात आहे. नोटो सान्स देवनागरीसारख्या फॉन्टमध्ये ही अक्षरे दोन्ही वळणांची असतात. मूळ रूप हिंदी वळणाचे असते आणि पानाची भाषा मराठी आहे असे एचटीएमएलमध्ये घोषित केले असेल, तरच मराठी वळण पुढे येते. ही घोषणा पानाच्या पहिल्या एचटीएमएल टॅगवरील ‘लँग’ या गुणविशेषात असते आणि वर्डप्रेस ती सेटिंग्जमधील ‘साइट लँग्वेज’वरून भरतो. तिथे इंग्रजी असल्यामुळे आपला सगळा मराठी मजकूर अमेरिकी इंग्रजी म्हणून घोषित होत आहे. याचा तोटा केवळ वळणापुरता नाही. दृष्टिहीन वाचकांचे स्क्रीनवाचक सॉफ्टवेअरही उच्चार ठरवताना हीच घोषणा पाहते.

संकेतस्थळाची भाषा मराठी करा. विद्यार्थ्यांची अडचण होणार नाही, कारण २०१६ च्या डिसेंबरमध्ये आलेल्या ४.७ आवृत्तीपासून प्रत्येक सदस्याला आपल्या प्रोफाइलमध्ये प्रशासन विभागाची भाषा स्वतंत्रपणे निवडता येते. बाहेरचे संकेतस्थळ मराठीत आणि आतला मेनू इंग्रजीत अशी व्यवस्था त्यामुळे सहज होते. भाषा मराठी झाली की सीएसएसमध्येही ‘लँग’ हा स्यूडो-क्लास वापरून केवळ मराठी मजकुरापुरते नियम लिहिता येतील आणि एखाद्या इंग्रजी परिच्छेदाला स्वतंत्र भाषा घोषित केली, तर तिथे थीमची मूळ मांडणी कायम राहील.

जुना_जुळारी

छापखान्यात खिळे जुळवण्यात आयुष्य गेले, त्यामुळे फॉन्टच्या निवडीविषयी थोडे बोलण्याचा अधिकार घेतो. पॉपिन्स हा भौमितिक वळणाचा, एकसारख्या जाडीचा फॉन्ट आहे. चार शब्दांच्या पाटीला तो शोभतो, पण वाचनालयाच्या संकेतस्थळावर परिच्छेदामागून परिच्छेद वाचायचे असतील, तर तो थकवतो. मजकुरासाठी एक टाइप या मुंबईच्या संस्थेचा ‘मुक्ता’ घ्यावा. त्यात अतिपातळ ते अतिठळक अशा सात जाड्या आहेत आणि रोमन अक्षरेही त्याच मापात बसवलेली आहेत. पुस्तकी वळण हवे असेल, तर ‘टिरो देवनागरी मराठी’ पाहावा. हिंदी, संस्कृत आणि मराठी यांसाठी टिरोचे तीन वेगळे फॉन्ट असल्यामुळे मराठी आवृत्तीत ‘ल’ आणि ‘श’ मुळातच आपल्या वळणाचे मिळतात, त्यासाठी भाषेच्या घोषणेवर विसंबावे लागत नाही. घोषणा तरीही करावीच.

टिरोच्या बाबतीत एक सावधगिरी बाळगावी लागते. त्यात साधे आणि तिरपे एवढीच रूपे आहेत, ठळक रूप नाही. थीम मथळ्यांना ७०० जाडी मागत असेल आणि फॉन्टमध्ये ती नसेल, तर ब्राउझर साध्या अक्षराच्या कडा फुगवून खोटे ठळक रूप तयार करतो. ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘द्ध’ यांच्या पोटातली मोकळी जागा त्यात बुजून जाते. टिरो मथळ्यांना वापरायचा असेल, तर जाडी ४०० करावी आणि ठसा आकाराने वाढवावा. अवतरणांना थीम जे तिरपे वळण देते तेही काढून टाकावे. तिरपे रूप नसलेल्या फॉन्टमध्ये ब्राउझर उभे अक्षर नुसते कलंडवतो, आणि मुक्ताचे तसेच होते.

कोणताही फॉन्ट पक्का करण्यापूर्वी ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘ऱ्हास’, ‘उद्ध्वस्त’, ‘कर्तृत्व’, ‘हृदय’, ‘ऑक्टोबर’, ‘बॅट’, ‘काळ्या’ हे शब्द लिहून पाहावेत. हिंदीसाठी घाईने केलेले फॉन्ट ‘दुसऱ्या’मधल्या अर्ध्या र-ला आणि ‘बॅट’मधल्या चंद्राला हमखास अडखळतात.

म्युनिकचा_वाचक

फॉन्ट आपल्याच सर्व्हरवर ठेवण्याचा मुद्दा वर आला आहे, त्याला एक कायदेशीर बाजू आहे. म्युनिकच्या प्रादेशिक न्यायालयाने २०२२ च्या जानेवारीत दिलेल्या निकालात, वाचकाच्या संमतीविना गूगलच्या सर्व्हरवरून फॉन्ट उतरवल्यामुळे त्याचा आयपी पत्ता गूगलकडे जातो, हा विदासंरक्षणाचा भंग ठरवला आणि वाचकाला १०० युरो भरपाई मिळाली. त्यानंतर इथल्या अनेक संस्थांना भरपाई मागणारी पत्रे जाऊ लागली, तेव्हा आमच्या मंडळाने सर्व फॉन्ट स्वतःकडे आणले. आपल्या वाचनालयाला हा निकाल लागू होण्याचे कारण नाही. युरोपातील एखाद्या मराठी मंडळाचे कोणी हा धागा वाचत असेल, तर त्याच्यासाठी ही नोंद केली.

तांत्रिकदृष्ट्या हे काम आता सोपे झाले आहे. वर्डप्रेसच्या ६.५ आवृत्तीत, म्हणजे २०२४ च्या एप्रिलमध्ये, ‘फॉन्ट लायब्ररी’ आली. ब्लॉक थीम (साइट एडिटरमधून सर्व भाग बदलता येणारी थीम) असेल, तर साइट एडिटरमधील स्टाइल्समधून फॉन्टची फाइल चढवता येते, किंवा गूगलच्या यादीतून निवडलेला फॉन्ट थेट आपल्या सर्व्हरवर उतरवून घेता येतो. जुन्या धाटणीच्या थीममध्ये मात्र डब्ल्यूओएफएफ२ प्रकारची फॉन्टची फाइल चढवून, फॉन्ट कुठून घ्यायचा ते सांगणारा ‘फॉन्ट-फेस’चा नियम हाताने लिहावा लागतो.

ग्रंथपाल_कोकण

संकेतस्थळाची भाषा मराठी केली, प्लगिनमध्ये देवनागरी संच निवडला आणि मजकुराला मुक्ता लावला. दोन्ही उपकरणांवर आता एकच वळण दिसते आणि तळाशी मुक्ताचेच नाव येते. मथळ्यांना टिरो ४०० जाडीत ठेवला असून तो कार्यकारिणीला आवडला.

आता सारांशाच्या शेवटी येणारे प्रश्नचिन्ह उरले आहे. ते सीएसएसने जाईल असे वाटत नाही. त्यासाठी चाइल्ड थीम (मूळ थीमवर आधारलेली, पण तिच्या अपडेटने न पुसली जाणारी उपथीम) करावी असे एका परिचितांनी सुचवले, परंतु ती सुरू केल्यावर बोधचिन्ह आणि रंग नाहीसे झाल्यामुळे मी मूळ थीमवर परतलो.

सदाफुली

काहीही नाहीसे झालेले नाही. कस्टमायझरमधील निवडी, म्हणजे बोधचिन्ह, रंग आणि मेनूच्या जागा, वर्डप्रेस प्रत्येक थीमच्या नावाने वेगळ्या साठवतो. अ‍ॅडिशनल सीएसएसही थीमनिहाय साठवले जाते. चाइल्ड थीम ही त्याच्या लेखी नवी थीम असल्यामुळे तिची पाटी कोरी असते. मूळ थीमवर असताना सगळ्या निवडींची नोंद करून घ्या, सीएसएसचा मजकूर एका फाइलमध्ये उतरवून ठेवा, किंवा कस्टमायझरच्या निवडी निर्यात-आयात करणारे प्लगिन वापरा.

चाइल्ड थीम करताना थीम्सच्या फोल्डरमध्ये नवे फोल्डर करून त्यात ‘स्टाइल.सीएसएस’ ही फाइल ठेवावी. तिच्या माथ्यावरील टिपणीत थीमचे नाव आणि ‘टेम्प्लेट’ अशा दोन ओळी हव्यात. ‘टेम्प्लेट’समोर मूळ थीमच्या फोल्डरचे नाव अक्षरशः तसेच लिहावे लागते, थीमचे दर्शनी नाव लिहिल्यास वर्डप्रेस मूळ थीम सापडत नसल्याचे सांगतो. दुसरी फाइल ‘फंक्शन्स.पीएचपी’. ही फाइल मूळ थीमच्या त्याच नावाच्या फाइलची जागा घेत नाही. ती तिच्या आधी चालते आणि मग मूळ फाइलही चालते. म्हणून मूळ फाइलमधला सगळा मजकूर इथे चिकटवू नये, अन्यथा तीच फंक्शन्स दोनदा घोषित होऊन संकेतस्थळ बंद पडते. तसे झालेच, तर ५.२ आवृत्तीपासून वर्डप्रेस प्रशासकाच्या ईमेलवर दुरुस्तीसाठी प्रवेशाचा दुवा पाठवतो. तो ईमेल पत्ता चालू आहे ना, हे आधी पाहावे. टेम्प्लेटच्या फाइलींचे मात्र उलट असते. मूळ थीममधील फाइल त्याच नावाने आणि त्याच उपफोल्डरात चाइल्ड थीममध्ये ठेवली की तीच वापरली जाते.

आता प्रश्नचिन्हाचे कारण. यूटीएफ-८ या अक्षरसंकेतात रोमन अक्षराला एक बाइट लागते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्हाला, मग ते अक्षर असो वा काना, तीन बाइट लागतात. थीमकाराने सारांश १०० बाइटांवर कापला असेल, तर ३३ चिन्हे पूर्ण होतात आणि चौतिसाव्याचे एकच बाइट उरते. त्या अर्धवट तुकड्याच्या जागी ब्राउझर काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह दाखवतो. बाइट मोजून मजकूर कापणारे हे पीएचपी फंक्शन ‘सबस्ट्र’ या नावाचे आहे. त्याऐवजी ‘एमबी सबस्ट्र’ वापरा असा सल्ला अनेक ठिकाणी मिळेल. त्याने प्रश्नचिन्ह जाते, पण ‘ग्रंथालय’ शब्द ‘ग्रंथाल’वर किंवा ‘ग्र’च्या मधोमध हलन्तावर तुटू शकतो. वर्डप्रेसचे स्वतःचे ‘डब्ल्यूपी ट्रिम वर्ड्स’ हे फंक्शन शब्द मोजते आणि शब्दाच्या सीमेवरच थांबते. मराठीसाठी तेच योग्य आहे. चौकटीची टेम्प्लेट फाइल चाइल्ड थीममध्ये घेऊन त्या एका ओळीत हा बदल करावा.

निळी_शाई

एका बाबतीत माझे मत वेगळे आहे. चाइल्ड थीममध्ये घेतलेली टेम्प्लेट फाइल कायमची गोठते. मूळ थीमकाराने पुढे त्या फाइलमधील सुरक्षेची एखादी चूक सुधारली, तरी ती सुधारणा आपल्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी थीमच्या सेटिंगमध्ये सारांश शब्दांत मोजण्याचा पर्याय आहे का ते पाहावे, किंवा लेख चढवताना सारांशाची पेटी हाताने भरून तो पुरेसा आखूड ठेवावा. वाचनालयाच्या सूचनांसाठी दोन ओळींचा स्वतंत्र सारांश तसाही अधिक वाचनीय होतो. चाइल्ड थीमला माझा विरोध नाही. तिच्यात जितक्या कमी फाइली असतील तितके बरे.

हे सगळे जुन्या धाटणीच्या थीमविषयी झाले. ब्लॉक थीममध्ये साइट एडिटरमधून केलेला बदल डेटाबेसमध्ये साठतो आणि तो फाइलपेक्षा वरचढ ठरतो. त्यामुळे एखादे टेम्प्लेट एडिटरमधून एकदा बदलले असेल, तर नंतर चाइल्ड थीममधील फाइल कितीही सुधारली, तरी पानावर जुनेच दिसते. तिथे आधी एडिटरमधील बदल ‘रिसेट’ करावे लागतात.

ग्रंथपाल_कोकण

सारांशाची पेटी भरण्याचा मार्ग स्वीकारला; विद्यार्थ्यांनाही ते जमते. शेवटची शंका अशी : बालविभागाच्या वर्गवारीचे पान वेगळ्या रंगात हवे आहे. वर्गवारीचा स्लग (पत्त्यात येणारे नाव) मराठीत आहे, त्यामुळे सीएसएसमध्ये कोणता क्लास लिहावा ते कळत नाही. पहिले अक्षर मोठे करण्याची सोयही वापरावी का?

सदाफुली

पानाच्या ‘बॉडी’ टॅगवर वर्डप्रेस वर्गवारीचा क्लास लावतो. स्लग देवनागरीत असेल, तर क्लासच्या नावातून ती चिन्हे गाळली जातात आणि त्या जागी वर्गवारीचा क्रमांक येतो. वर्गवारी संपादित करताना पत्त्याच्या ओळीत ‘टॅग आयडी’पुढे जो आकडा दिसतो तोच हा क्रमांक, क्लास ‘कॅटेगरी’, संयोगचिन्ह आणि तो आकडा असा लिहावा.

लेखांच्या स्लगबाबतही इथेच सांगते. डेटाबेसमध्ये स्लगसाठी २०० वर्णांची जागा असते आणि देवनागरीतील प्रत्येक चिन्ह तिथे टक्केचिन्हांसह नऊ वर्ण व्यापते, म्हणून साधारण २२ चिन्हांनंतर स्लग कापला जातो. ‘ग्रंथालय’ या एका शब्दातच आठ चिन्हे जातात. लांब मथळा असेल, तर स्लग प्रसिद्धीपूर्वीच आखूड करून घ्यावा.

जुना_जुळारी

पहिले अक्षर मोठे करण्याची सोय मराठीत टाळावी. शब्द ‘स्वागत’सारखा जोडाक्षराने सुरू झाला, तर काही ब्राउझर ‘स्व’ अखंड घेतात आणि काही नुसता हलन्त ‘स्’ मोठा करून ‘वा’ खाली ठेवतात. अक्षर नीट निवडले गेले, तरी मोठ्या अक्षराची शिरोरेखा उरलेल्या शब्दाच्या शिरोरेखेशी जुळत नाही. बालविभागासाठी हवेच असेल, तर पहिला अख्खा शब्द रंगीत करावा, आणि तोही मुक्ताच्या ठळक जाडीत, कारण ती त्या फॉन्टमध्ये खरोखर आहे. मात्र प्लगिनमध्ये ७०० जाडीची देवनागरी फाइल उतरवलेली आहे का, हे आधी तपासून पाहा.